‘मेमरी मिळाली नाही तर?’ हा प्रश्न परीक्षेत विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नुकताच संगणक वारंवार का अडकतो यावर एक लेख आला होता. त्यात सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय सुचवला होता : रॅम वाढवा. लेख सोप्या भाषेत होता आणि घरच्या संगणकावर पंचवीस-तीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोगही होईल. पण हाच सल्ला दुकानदार, सेवा केंद्रातली मुलं आणि यंत्रं विकणाऱ्या कंपन्यासुद्धा डोळे मिटून देतात, आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात. मी बरीच वर्षं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, डिव्हाइस ड्रायव्हर लिहिते. संगणकाचा प्रिंटर, कॅमेरा, नेटवर्कचं डोंगल यांच्याशी बोलणारा जो प्रोग्राम असतो तो ड्रायव्हर. त्याला लागणारी मेमरी आणि तुमच्या ब्राउझरला लागणारी मेमरी एकाच रॅममधून येते, पण ती मागण्याचे आणि मिळण्याचे नियम अगदी वेगळे आहेत. हे नियम लोकांपर्यंत पोचत नाहीत. माझी खरी तक्रार ही की ते अभियांत्रिकीच्या वर्गातही पोचत नाहीत.

साधा प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा कर्नल त्याला बहुतेक वेळा फक्त पत्ता देऊन ठेवतो. खरी मेमरी ४ केबीच्या तुकड्यांमध्ये (त्यांना पानं म्हणतात), लागेल तशी, जिथे सापडेल तिथून पुरवली जाते. पानं रॅममध्ये इकडेतिकडे विखुरलेली असली तरी प्रोग्रामला ती एकसंध दिसतात. कमी पडलंच तर कर्नल प्रोग्रामला थांबवून ठेवतो आणि कुणाची तरी पानं डिस्कवर हलवून जागा करतो. ड्रायव्हरला यातल्या बऱ्याच सवलती नाहीत. त्याचं उपकरण अनेकदा रॅममध्ये थेट लिहितं, प्रोसेसरला न विचारता; याला डीएमए म्हणतात. त्याला कर्नलने रचलेले आभासी पत्ते कळत नाहीत, खरा भौतिक पत्ता लागतो. मध्ये पत्ते बदलून देणारं आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर नसेल, आणि स्वस्त बोर्डांवर ते सहसा नसतं, तर रॅममधली जागा खरोखर सलग असावी लागते. शिवाय उपकरणाला पत्त्याची मर्यादा असू शकते. जुन्या संगणकांत उपकरणं जोडायच्या आयसा बसवरच्या डीएमएला २४ बिटांपलीकडचा पत्ता देता येत नसे, म्हणून रॅमच्या पहिल्या १६ एमबीसाठी लिनक्सने वेगळा विभागच राखून ठेवला. आजही ३२ बिटांचा पत्ता देणारी उपकरणं सर्रास आहेत, आणि त्यांच्यासाठी ४ जीबीच्या पलीकडची रॅम जणू नाहीच.

आमच्या गावचं उदाहरण देते. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत माझे मामा सचिव आहेत. तिथे काटा, फॅट काढायचं यंत्र आणि पावती छापणारा प्रिंटर एका छोट्या लिनक्स बोर्डाला जोडलेले आहेत. बोर्डावर १२८ एमबी रॅम आणि दिवसाचा हिशेब वर पाठवायला एक फोर-जी डोंगल. हे सगळं गेल्या पावसाळ्यात सारखं बंद पडायला लागलं. पहाटे लोक किटल्या घेऊन दूध घालायला रांगेत, आणि पावती निघत नाही. मामांनी वहीत लिटर आणि फॅट लिहून घ्यायचं, मग दुपारी बसून सगळं परत चढवायचं. एखाद्याची नोंद राहून गेली की आठवड्याच्या बिलाला भांडण. आधी सगळ्यांना वाटलं, प्रिंटरला ओल लागली. कंपनीने प्रिंटर बदलून दिला. पुन्हा तेच. मग सांगितलं, रॅम कमी पडतेय, मोठ्या रॅमचा नवा बोर्ड घ्या. संस्थेच्या दृष्टीने ती रक्कम लहान नव्हती.

गणपतीला घरी गेले तेव्हा लॅपटॉप जोडून मी बोर्डाच्या नोंदी पाहिल्या. सगळं बंद पडण्याच्या क्षणी कर्नलने स्वच्छ लिहून ठेवलं होतं : ‘पेज अॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५’. आणि त्याच वेळी चाळीसेक एमबी रॅम मोकळी होती.

हे कसं? कर्नलचा मेमरी वाटणारा भाग, त्याला बडी अॅलोकेटर म्हणतात, पानांचे गठ्ठे दुपटीच्या टप्प्यांत सांभाळतो : १, २, ४, ८ अशी पानं. ऑर्डर ५ म्हणजे सलग ३२ पानं, १२८ केबी. बालगंधर्वला नाटकाच्या शंभर खुर्च्या रिकाम्या आहेत, पण बत्तीस जणांना एकाच रांगेत शेजारी शेजारी बसायचं आहे आणि रिकाम्या खुर्च्या मात्र इथे एक, तिथे दोन अशा आहेत, तसं झालं होतं. कर्नलच्या ‘बडीइन्फो’ या फाइलीत हे आकडे उघड दिसतात. एकेकट्या आणि दोन-दोन पानांचे शेकडो गठ्ठे होते. ३२ पानांचा आणि त्याहून मोठा, एकही नाही. कर्नल काही पानं सरकवून जागा सलग करू शकतो, पण त्याची स्वतःची बरीच पानं जागची हलत नाहीत, आणि यंत्र जितके दिवस सलग चालेल तितकी अशी पानं जागोजाग रुतून बसतात.

आता ड्रायव्हरने काय केलं होतं ते पाहा. पावसात वीज जा-ये करायची, व्होल्टेज खाली आलं की डोंगल बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, आणि दरवेळी त्याचा ड्रायव्हर येणारा डेटा ठेवायला नव्याने सलग जागा मागायचा. मागणी ६४ केबीची आणि वर स्वतःच्या नोंदीसाठी थोडेसे बाइट. वाटप दुपटीच्या टप्प्यांतच होत असल्यामुळे त्या थोड्या बाइटांपायी सरळ १२८ केबीचा गठ्ठा लागत होता. एके दिवशी कर्नल नाही म्हणाला. आणि ड्रायव्हरने उत्तर तपासलंच नाही. जागा मिळाली असं समजून तो रिकाम्या पत्त्यावर लिहायला गेला. यूएसबीवर नवं उपकरण आलं की त्याची दखल घेणारं कर्नलमधलं काम तिथेच कोसळलं, हातातलं कुलूप, म्हणजे एका वेळी एकानेच काम करावं म्हणून घेतलेला ताबा, न सोडता. पावतीचा प्रिंटरही त्याच यूएसबीवर, म्हणून तो मुका झाला. लोकांनी प्रिंटरला दोष दिला, कंपनीने रॅमला.

रॅम दुप्पट केली असती तर बंद पडायला कदाचित जास्त दिवस लागले असते, इतकंच. खरी दुरुस्ती मोजक्या ओळींची होती : मोठी सलग जागा मागूच नये, १६ केबीचे तुकडे वापरावेत, ते बोर्ड सुरू होतानाच, रॅम मोकळी असते तेव्हा, घेऊन ठेवावेत आणि डोंगल गेलं-आलं तरी तेच वापरावेत, आणि मिळाले नाहीत तर शांतपणे ‘डोंगल सुरू करता आलं नाही’ असं सांगून बाकीच्यांना काम करू द्यावं. हिशेब वर गेला नसता, पण पावत्या निघाल्या असत्या. मी हे कंपनीला लिहून दिलं, त्यांनी बदल केला, आणि जुनाच बोर्ड आज चालतो आहे.

एवढ्यावर हे पत्र संपवता आलं असतं. पण तो ड्रायव्हर लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आपल्याच एखाद्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडली असणार. मी नोकरीसाठी मुलाखती घेते. मेमरी कशी वाटायची याची पाठ्यपुस्तकातली फर्स्ट फिट, बेस्ट फिट, पेज रिप्लेसमेंटची गणितं मुलांना तोंडपाठ असतात. कुठे किती बाइट वाया गेले ते अचूक काढून दाखवतात. मग मी विचारते, ‘तू कर्नलकडे मेमरी मागितलीस आणि मिळाली नाही. आता?’ इथे बहुतेक जण थांबतात. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीने मला प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मॅडम, असं होतं हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही.’ तिचा यात काय दोष?

हा प्रश्न अवघड आहे तो दुसऱ्या एका कारणाने. लिनक्समध्ये आठ पानांपर्यंतच्या, म्हणजे ३२ केबीपर्यंतच्या साध्या मागणीला कर्नल सहसा नाही म्हणतच नाही. तो मागणाऱ्याला थांबवेल, इतरांची पानं रिकामी करेल, अगदीच निकराला आलं तर एखादा मोठा प्रोग्राम मारून टाकेल, पण देईल. त्याहून मोठ्या मागणीवर मात्र तो लवकर हात टेकतो. परिणाम असा की ‘मिळाली नाही तर’ या शाखेतला कोड वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही. तो चुकीचा असला तरी कुणाला कळत नाही, आणि ज्या दिवशी चालायची वेळ येते त्या दिवशी यंत्र शेतात, दवाखान्यात किंवा दूध संस्थेत असतं.

आणि थांबण्याची सोय प्रत्येकाला नसते. उपकरण प्रोसेसरला हाक मारतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. तो हाताळत असताना ड्रायव्हरला झोपता येत नाही, कारण त्या घडीला झोपवून परत उठवता येईल असं कुणी तिथे नसतं. म्हणून मागताना सांगावं लागतं, मी थांबू शकते की नाही. थांबता येत असेल तर ‘जीएफपी कर्नल’, येत नसेल तर ‘जीएफपी अॅटॉमिक’. दुसऱ्या मागणीला कर्नल राखीव साठ्यातूनही देतो, पण तो साठा छोटा असतो आणि ‘नाही’ हे उत्तर तिथे खरोखर येतं. तिसराही प्रकार आहे आणि तो मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. डिस्कचा ड्रायव्हर एक पान डिस्कवर लिहीत आहे, त्यासाठी त्याला थोडी मेमरी हवी आहे. त्याने साधी मागणी केली. रॅम भरलेली आहे, म्हणून कर्नल जागा करायला दुसरी पानं डिस्कवर लिहू पाहतो, आणि ते लिहिणार कोण? हाच ड्रायव्हर, जो मेमरीची वाट पाहत बसला आहे. दोघं एकमेकांसाठी कायमचे अडकले; यालाच डेडलॉक म्हणतात. हे टाळायला ‘मेमरी दे, पण त्यासाठी डिस्कला हात लावू नकोस’ असं सांगणारी ‘जीएफपी नोआयओ’ ही वेगळी खूण आहे. एवढी एक गोष्ट नीट समजली तर डेडलॉक म्हणजे काय हे मुलं जन्मात विसरणार नाहीत. आज ते त्यांना जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांच्या गोष्टीतून शिकवलं जातं. ती गोष्ट चांगली आहे, पण तिच्यावरून कुणाला डिस्कचा ड्रायव्हर लिहिता येणार नाही.

ब्राउझर कोसळला तर ब्राउझरच जातो. ड्रायव्हर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो, त्याच्या आणि बाकी यंत्रणेच्या मध्ये भिंत नाही. १९ जुलै २०२४ आपल्या वाचकांना आठवत असेल. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीचा विंडोज कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर त्या दिवशी नव्या माहितीच्या फाइलीमुळे २१वी नोंद वाचायला गेला. त्याच्या हातात २०च होत्या. स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. तिथे अडचण मेमरी मागण्यात नव्हती, मिळालेलीची हद्द न तपासण्यात होती, पण ‘जे हातात आहे असं मी धरून चाललोय ते खरंच आहे का’ हा प्रश्न तोच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली लिनक्सचा कोड तपासला होता. चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं.

अनुभवी लोकांचेही ड्रायव्हर यात फसले आहेत. अनेक यूएसबी ड्रायव्हर स्टॅकवरचाच, म्हणजे चालू फंक्शनच्या तात्पुरत्या कामाच्या जागेतलाच, छोटा बफर (डेटा ठेवायची जागा) उपकरणाला देत. नियमाने ते निषिद्ध होतं, पण बऱ्याच संगणकांवर चालून जायचं. २०१६ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ४.९ मध्ये सुरक्षेसाठी कर्नलचा स्टॅक भौतिकदृष्ट्या सलग नसलेल्या मेमरीत ठेवण्याची सोय झाली आणि हे ड्रायव्हर एकामागून एक उघडे पडले. मग ते दुरुस्त करावे लागले.

चांगलं कामही इथेच झालं आहे, तेही सांगायला हवं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला आणि व्हिडिओच्या चिपला अनेक एमबी सलग लागतात. पूर्वी ती जागा फोन सुरू होतानाच बाजूला काढून ठेवत, आणि कॅमेरा बंद असला की ती नुसती पडून राही. सॅमसंगच्या पोलंडमधल्या अभियंत्यांनी यावर काम केलं आणि २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये ‘सीएमए’ आलं : त्या राखीव जागेत एरवी हलवता येतील अशीच पानं ठेवायची आणि कॅमेऱ्याला हवी तेव्हा ती दुसरीकडे सरकवायची. हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. पाठ्यपुस्तकातलं फ्रॅगमेंटेशन, म्हणजे मोकळी जागा विखुरली जाणं, त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये सोडवलेलं आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचंही तसंच. ती कर्नलमध्ये आणायचा प्रस्ताव एप्रिल २०२१ मध्ये चर्चेला आला तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं : मेमरी मिळाली नाही म्हणून चालू कर्नल कोसळणं अजिबात चालणार नाही, ड्रायव्हरने ते अपयश हाताळलंच पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ बरोबर रस्ट आली ती ही अट मान्य करूनच. तिथे मेमरीची मागणी ‘मिळाली’ किंवा ‘नाही मिळाली’ असं उत्तर देते, आणि ते उत्तर न तपासता ती मेमरी वापरता येत नाही. पण जगातले बहुतेक ड्रायव्हर आजही सी भाषेत आहेत आणि अजून बराच काळ राहतील, तेव्हा तपासण्याची सवय माणसालाच लावावी लागेल.

म्हणून माझी मागणी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे आहे, आणि ती खर्चिक नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटा ड्रायव्हर लिहावा. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. क्यूईएमयू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर साध्या संगणकात दुसरा संगणक उभा करतं, आणि त्यात ‘एज्यू’ नावाचं एक काल्पनिक उपकरण आधीच आहे. झेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स शिकवताना ते मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी तयार केलं गेलं. त्याला इंटरप्ट आहे, डीएमए आहे आणि पत्त्याची २८ बिटांची मर्यादाही आहे, म्हणजे २५६ एमबीच्या पलीकडची जागा दिली तर चालत नाही. वर सांगितलेले जवळजवळ सगळे नियम एका दुपारी हाताने अनुभवता येतात.

आणि मूल्यमापन असं व्हावं : ड्रायव्हर नीट चालला की अर्धेच गुण. मग परीक्षकाने कर्नलमधलं ‘फेलस्लॅब’ सुरू करावं. ते मेमरीच्या मागण्या मुद्दाम नाकारतं. पहिली मागणी नाकारली, काय झालं? पहिली दिली, दुसरी नाकारली, तर पहिली परत केली का? हे परत करणं उलट्या क्रमाने करावं लागतं आणि कर्नलमध्ये त्यासाठी राजरोस ‘गोटू’ (प्रोग्राममधल्या दुसऱ्या ओळीवर थेट उडी मारायची आज्ञा) वापरतात. ‘गोटू’ला हात लावायचा नाही असं शिकलेल्या मुलांना तो इथे का लागतो हे समजलं तर फारच उत्तम. शेवटी परत न केलेली मेमरी शोधणारं ‘केमेमलीक’ लावून पाहावं, कुठे काही गळतंय का. उरलेले अर्धे गुण याचे. शिक्षकांना हे नवं असेल तर पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, नागपुरात हे काम रोज करणारे अभियंते आहेत. बोलावलं तर आम्ही सुट्टीच्या दिवशी येऊ, मानधनाचा प्रश्न नाही.

दूध संघ, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांनाही एक विनंती. यंत्रं विकत घेताना कागदावर रॅम किती हे विचारताच. त्याच्या जोडीला ‘मेमरी नाकारली गेली तर यंत्र काय करतं’ याच्या चाचणीचा अहवाल मागा आणि तो निविदेच्या अटींत लिहा. चाचणी करणारं सॉफ्टवेअर लिनक्समध्येच आहे, विक्रेत्याला त्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही.

आपली,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे